काचेपलीकडची होडी

“सिस्टर, सगळ्यांच्या होड्या भिंतीवर लागल्या, मग काचेच्या खोलीतल्या चिमणीची का नाही?”

हे विचारायची पैज वॉर्डातल्या मैत्रिणींनी लावली होती. मोठ्या सिस्टरांना जाब विचारणं म्हणजे काय खायचं काम होतं? पण मोडका पाय घेऊन पाच आठवडे चाकाच्या खुर्चीत गिरक्या मारणाऱ्या भिंगरीच्या अंगात हल्ली भलतीच धिटाई आली होती.

सिस्टरांनी चष्म्यावरून पाहिलं. “तिला साधी सर्दीही झेपायची नाही. जंतुनाशकानं पुसता येत नाही अशी वस्तू आत जात नाही. कागद पुसता येतो का, सांग बघू.”

“कागद नाही, पण पेन येतं. आणि काच तर तिच्यासमोरच आहे.”

सिस्टरांनी चष्मा वर सरकवला. “बरं, रोज चार वाजता. पण पाचला काच पुसली जाणार म्हणजे जाणार.”

वॉर्डात भिंतभर नदी रंगवून तीत मुलांच्या कागदी होड्या चिकटवणाऱ्या चित्रकार ताईंनी पातळ, आरपार दिसणारा कागद दिला. चिमणी आतून काचेवर रेघ ओढणार, भिंगरी बाहेरून कागद धरून ती गिरवणार. सहा वर्षांची चिमणी चार रेघांतच दमली; त्या दिवशी होडीचं नुसतं धडच झालं. भिंगरीनं ऐटीत कागद तिच्याकडे वळवला.

काचेबाहेरचा फोन वाजला; आतून चिमणी बोलत होती. “भिंगरीताई, ही उलटी निघालीय. सगळ्यांच्या होड्या समुद्राकडे, आणि माझी एकटीचीच माघारी?” फोन आपटून तिनं पाठ फिरवली.

भिंगरीचं तोंड एवढंसं झालं. चिडून तिनं कागद मांडीवर आपटला, तो पालथा पडला. मागून रेघा दिसत होत्या आणि होडी सरळ समुद्राकडे निघाली होती. तिनं काच ठोठावून ठोठावून चिमणीला वळायला लावलं आणि कागद दाखवला. “पालथा लावायचा, एवढंच. कळलं का, कप्तान?” चिमणी फिस्सकन हसली.

दुसऱ्या दिवशी डोलकाठी झाली. तिसऱ्या दिवशी, बुधवारी, भिंगरीला घरी सोडलं. शनिवारी भिंतीला वॉर्निश लागणार होतं. त्यानंतर त्या नदीत काही चिकटणार नव्हतं, आणि शीड अजून बाकी होतं.

आईनं पिशवी भरली. बाबा डिस्चार्जचे कागद घेऊन आले.

“उरलेलं दुसरं कुणीही गिरवेल की,” आई म्हणाली.

“तिनं मला आज सांगितलंय, उद्या-परवा मिळून शीड. दुसऱ्या कुणाला नाही.”

“आणि पाय? डॉक्टरांनी आराम सांगितलाय. शाळेचा डोंगरभर अभ्यास पडलाय तो वेगळाच.” बाबांचा आवाज जरा चढला.

भिंगरीनं कुबड्या काखेत घेतल्या आणि दोघांच्या मधोमध उभी राहिली.

“आत्ता मी निमूट घरी येते. झोपते, अभ्यासही करते. पण उद्या आणि परवा चार वाजता मी या काचेशी असणार. बाबा, तुम्ही आणलंत तर गाडीनं, नाहीतर या दोन कुबड्यांवर. माझं ठरलंय.”