बाबाच्या मानेतली फासळी

गेल्या साली त्या मेडिकल कॉलेजात मी भांडायलेच गेलती. खोटं काहून बोलू?

बाबा गेले तवा माह्या भावानं, महेंद्रनं, त्याइचा देह कॉलेजले देला. मर्जी बाबाचीच होती, हे मलेही ठाऊक. भंतेजीनं वंदना घेतली, गाडी आली अन् बाबाले घेऊन गेली. घरी ना राख, ना हाड. वार्डातल्या सगळ्याइचे मायबाप वैनगंगेत पोचले, अन् माहा बाप तिथं टेबलावर. तवापासून मी महेंद्रशी सरळ बोललीच नाही. घरी आला तर पानीसुदिक दुसऱ्याच्या हातून पाठवू.

तवाच माह्या उजव्या हाताचं सुरू झालतं. मी ब्लाऊज शिवते. हात थंडागार पडे, बोटं पांढरी होत, करंगळीकडून मुंग्या येत, अन् कैची आपोआप सुटे. एका नवरीच्या ब्लाऊजाची बाही अशीच कापल्या गेली. गळ्याच्या हाडावर, मानेच्या मुळाशी, सुपारीएवढी कडक गाठ हाताले लागे.

माही सासू तुळसाबाई रोज मोहाच्या बियाचं, टोरीचं तेल कोमट करून ते गाठ रगडे. "विरघळते पाहजो, अनुसया," म्हने. जितकं रगडे तितका हात जास्त मरे. पन बुढी जीव लावून रगडे, तिले काय म्हनू? शेवटी लांजीकडच्या डोमाजीले बोलावनं गेलं. तो गाठीवर तापल्या सळईचा डाग देते. रविवारी येनार होता. भ्या तर लय वाटे, पन हातच गेला तर मशीन कोन चालवन? मी हौ म्हनलं.

त्याच्या आदल्या शुक्रवारी कॉलेजचं बोलावनं आलं. देह देनाऱ्या घरच्याइचे आभार मानाचा कार्यक्रम होता. महेंद्र दारात उभा राहून म्हने, "चाल ना बाई." मी चालली. मनात एकच, बाबाचं मूठभर हाड मागाचं, अन् नाही देलं तर तिथंच ठिय्या देऊन बसाचं.

तिथं शरीररचना शिकवनाऱ्या ज्योत्स्ना मॅडम बोलल्या. "मानेत सात मणके असतात. पुस्तकात सगळ्यांचे सारखे, माणसांत तसं नसतं. कुणाचे दोन मणके जन्मापासून जुळलेले, कुणाच्या मणक्यात नस जायला एकाच्या जागी दोन भोकं. ऑपरेशन करणाऱ्याला हे माहीत नसलं तर पेशंटच्या जिवावर बेततं. यंदा एका आजोबांच्या मानेत, सातव्या मणक्याला, जास्तीची फासळी निघाली. आमच्या मुलांनी ती हातात घेऊन पाहिली. त्या आजोबांचे उपकार आम्ही विसरणार नाही."

मंग चहा आला. मी कप धरला अन् तो सुटला. सगळा चहा लुगड्यावर. मॅडम धावत आल्या, माहा हात पुसता पुसता थांबल्या. "एवढा थंड?" त्याइनं मले दोनी हात वर धरून मुठी उघडझाप करायले लावल्या. थोड्याच वेळात उजवा पंजा चुन्यावानी पांढरा पडला. मनगटात नाडी शोधली, लागली नाही. मंग त्याइनं गाठीवर हलकंच बोट ठेवलं.

"रविवारी डागनार आहो तिले," मी म्हनलं.

"अहो, ही गाठ नाही, हाड आहे. डागू नका, रगडू तर मुळीच नका. आतली नस दबते आहे." मंग विचारलं, "तुम्ही कुणाच्या घरून?"

"हिरालालची पोरगी मी."

मॅडम खुर्चीत बसल्या. हळूच म्हनल्या, "ते आजोबा तुमचेच वडील. कधी कधी हे घराण्यात उतरतं. पुष्कळांना जन्मभर पत्ताच लागत नाही."

बाबाले लागला नव्हता. जन्मभर धानाची पोती वाहिली, कधी हात दुखला म्हनले नाही. मले रडूच कोसळलं. हाड मागाचं तोंडातच राह्यलं.

मानेचा एक्स-रे फोटो काढला, त्यात माहीही फासळी साफ दिसली. रविवारी डोमाजी आला, त्यानं तो फोटो उजेडात धरून पाह्यला. "बरं झालं, माय," म्हने, "मी तर हाडालेच डागलं असतं." जेवला अन् गेला. तुळसाबाई रडून राह्यली होती, का सुनेचा हात आपनच मारला. मी म्हनलं, "माय, तुमी रोज जवळ बसल्या, तेच मले पुरलं."

नागपूरले ऑपरेशन झालं. डॉक्टरनं काढलेली फासळी, मी मागितली म्हनून, लहानशा बाटलीत घालून देली. हाताची ऊब हळूहळू परत आली. महेंद्रनं विचारलं, "वैनगंगेत सोडाची का?"

मी मशीनवर बसली. त्या नवरीच्या ब्लाऊजाचं उरलेलं लाल कापड होतं, त्याची बाटलीपुरती थैली शिवली. टाके सरळ आले. मंग दोघं कॉलेजात गेलो. मॅडमच्या हातात थैली देली अन् म्हनलं, "हे बाबाच्या बाजूले ठेवा. शिकनाऱ्या लेकराइले दोनी दाखवजा. मले वाचवलं तसं अजून कोनाले वाचवन माहा बाप."

येताना बसमधे महेंद्रले तहान लागली. मी पान्याच्या बाटलीचं झाकन उजव्या हातानं खोललं अन् बाटली त्याच्या हातात देली.