जुन्या टिपेची खूण

आईनं कोट उलटा करून मांडीवर घेतला आणि बाहीची टीप उसवायला लागली. कात्रीच्या टोकानं एक टाका तोडायचा, दोन सोडायचे, पुन्हा एक तोडायचा. मग दोरा ओढला की अख्खी शिवण निमूट सुटते. लेकीचे खांदे वर्षभरात भरले होते. शिवताना आत जादा कापडाची माया सोडलेली होती म्हणून बरं, तीच आता बाहेर काढायची होती.

लेक आली ती बूट न काढताच थेट शिवणयंत्रापाशी.

“झाली मुलाखत?” आईनं मान वर न करता विचारलं.

“झाली.”

“मग? घेतलं का नर्सिंगला?”

“घेतलं. सोमवारी हॉस्टेलवर हजर व्हायचंय.”

आईनं दातांत धरलेली टाचणी काढली. “मग तोंड असं का, दूध नासल्यासारखं?”

लेक बूट काढायला वाकली आणि वाकलेलीच राहिली.

“तिथल्या मोठ्या बाईंनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, अगं, तू पिटुकली ना! मग शेजारी बसलेल्यांना सांगितलं, हीच ती, चांगली मोठी झाली तरी अंथरूण ओलं करायची. मला म्हणाल्या, आता थांबलं ना गं?” बुटाची नाडी तिच्या बोटांत गुंतली. “प्रेमानं विचारलं हं, आई. सगळे प्रेमानंच हसले.”

आईचा हात टाक्यावरच थांबला.

लेकीचा बाप घर सोडून गेला, त्या वर्षी आईनं लिहायला सुरुवात केली होती. दिवसभर लोकांचे कपडे आत घ्यायचे, सैल करायचे, आणि संध्याकाळी मोठ्या माणसाशी बोलावं तर घरात मोठं माणूस नाही. एकदा लेकीच्या पडलेल्या दाताबद्दल तिनं फोनवर चार ओळी लिहिल्या, ओवीच्या चालीवर. खाली कुणा अनोळखी बाईनं लिहिलं, ‘वाचून बरं वाटलं, ताई.’ तेवढ्या एका वाक्याच्या उबेवर आईला झोप लागली. मग दातामागून ताप आला, तापामागून शाळेतलं भांडण, ओलं अंथरूण, बापाच्या नावानं लेकीनं झोपेत मारलेली हाक, पहिली पाळी. फोनवरच्या ज्या पानावर ती हे सगळं लेकीच्या फोटोंसकट टाकायची, त्याचं नाव होतं ‘पिटुकलीची आई’. हळूहळू ते तिचंच नाव झालं. कपडे टाकायला येणाऱ्या बायकाही त्याच नावानं हाक मारायच्या, आणि तिला ते आवडायचं.

“सगळं काढ,” लेक म्हणाली. “मी जायच्या आधी.”

“अगं, वाईट काही लिहिलंय का मी? लोकांच्या डोळ्यांत पाणी येतं वाचून.”

“तेच तर. माझ्यावर कोण कोण रडून गेलंय, मला ठाऊकच नाही.” लेक तिच्यासमोरच्या स्टुलावर बसली. तिचा आवाज चढला नव्हता, थकला होता. “काढलंस तर मी दर सुट्टीला येईन, आई. नाही काढलंस तर इथं येऊन बोलायचं काय? मी शिंकले तरी गावभर होतं.”

आईनं कोट बाजूला ठेवला. फोन काढला.

दोघी खांद्याला खांदा लावून बसल्या. आई एकेक मजकूर उघडायची, ओठ हलवत वाचायची, आणि मग पुसायची. दर वेळी फोन विचारायचा, नक्की काढायचं का? लेक घाई करत नव्हती. खिडकीतलं ऊन यंत्राच्या चाकावरून उतरून जमिनीवर आलं, तरी त्या अजून तापाच्या वर्षातच होत्या.

“बघ,” आई म्हणाली, “हे निर्जीव यंत्रसुद्धा पुन्हा पुन्हा विचारतंय.”

“हो ना. मला कुणी एकदाही नव्हतं विचारलं.”

झोपेतल्या हाकेचा मजकूर आईनं न वाचताच पुसला.

शेवटचं पुसून दोघी उठतायत तोच दारात औषधाच्या दुकानातल्या बाई उभ्या राहिल्या. नवऱ्याची पँट आखूड करायला टाकली होती, ती न्यायला आल्या होत्या.

“ताई, तुमचं पान रिकामं दिसतंय हो. मला वाटलं, माझाच फोन म्हातारा झाला.”

“काढलं मी,” आई म्हणाली. “लेक मोठी झाली आता.”

“काढलं?” घरचं कुणी गेल्यासारखा बाईंनी तोंडाला पदर लावला. मग त्यांचा चेहरा उजळला. “पण काळजी नको. मी सगळ्याचे फोटो काढून ठेवलेत. ते अंथरुणाचं तर माझ्या चारी बहिणींना पाठवलंय. तुमचा शब्द वाया जायचा नाही.” जाता जाता त्यांनी लेकीच्या गालाला हात लावला. “केवढी झाली गं आमची पिटुकली.”

आईच्या चेहऱ्यावर एक समाधान येऊन गेलं. ओला हात पदराला पुसावा तसं तिनं ते लगेच पुसलं, पण लेकीनं पाहायचं ते पाहिलं होतं.

लेकीनं कोट उचलला. बाहीवर जिथून टीप निघाली होती, तिथे भोकांची एक बारीक रांग उरली होती, मुंग्या गेल्यासारखी.

“ही जातात का गं?”

“पाणी शिंपडून इस्त्री फिरवली की बरीच मिटतात. कापड जुनं असलं तर थोडी खूण राहते.”

लेक त्या रांगेवरून बोट फिरवत राहिली. “असू दे. थोडी चालेल मला.”

आईनं नवी टीप घातली, इस्त्री फिरवली. लेकीनं कोट घालून हात वर-खाली करून पाहिले. बरोबर बसला होता. तिनं तो काढला, पण बॅगेत नाही ठेवला. दारामागच्या खुंटीला अडकवला.

“इथंच राहू दे. थंडीच्या सुट्टीत येईन तेव्हा नेईन.”

“नक्की?”

“काढलंस ना तू सगळं? मग नक्की.”

ती आतल्या खोलीत सामान भरायला गेली. कपाटाची दारं उघडल्या-मिटल्याचा आवाज येऊ लागला. आईला वाटलं, पोर गुणगुणतेय सुद्धा.

दोऱ्यांचे तुकडे गोळा करून आई बसली. फोन समोरच होता, आणि त्यातलं पान न बेतलेल्या कापडासारखं कोरं. इतकी वर्षं जिवाला जीव दिलेल्या बायका उद्या सकाळी इथे येतील, त्यांना काय दिसेल? पाहुणासुद्धा निरोप घेतल्याशिवाय उठत नाही. दोन शब्द तर लिहायलाच हवेत. तिनं लिहायला घेतलं, आणि बरेच दिवस अडलेलं पाणी वाट सापडल्यासारखं वाहू लागलं. दारात बूट न काढता आलेली लेक आली, बोटांत गुंतलेली नाडी आली, मोठ्या बाईंचा प्रश्न आला, मुंग्यांसारखी भोकं आली. शेवटी ओवी आपसूक उतरली:

*उसवली गं शिवण, दोरा गुंडाळून ठेवते,*
*लेक निघाली दूरदेशी, तिला नजरेनं शिवते.*

तिनं पुन्हा वाचलं. पिटुकलीचं नाव तिनं कुठंच येऊ दिलं नव्हतं. तेवढं भान राखलं होतं. इतकं चांगलं आपण आजवर लिहिलं नाही, असं तिला वाटलं, आणि तिचे डोळे भरून आले. तिनं बोट टेकवलं.

पहिलं उत्तर औषधवाल्या बाईंचं आलं. मग एकीचं, मग दुसरीचं, मग मोजता येऊ नयेत इतक्या वेगानं येतच राहिली. ‘रडवलंत हो, पिटुकलीची आई.’ ‘बहिणीला पाठवतेय.’ आई डोळे पुसत वाचत राहिली.

आतल्या खोलीत लेकीचा फोन वाजला. थोड्या वेळानं परत वाजला. मग लागोपाठ.

गुणगुणणं थांबलं. कपाटाचा आवाज थांबला. आईनं फोन पालथा घालून मांडीवर ठेवला आणि दाराकडे पाहत बसली.

लेक बाहेर आली. तिनं आईकडे पाहिलं नाही, चिडलीही नाही. दारामागच्या खुंटीवरून कोट काढला, बाह्या आत घेऊन त्याची नीट घडी घातली, आणि बॅगेत वरच्या बाजूला बसवला.

बाहेर अजून चांगलंच ऊन होतं. थंडी लांब होती.