खरबुजाविना गेलेला पाळणा

मी काउंटरसिंक बिट बोलतोय. नाव लांबलचक असलं तरी अंगाने मी बोटाएवढाच आहे. टोकाला शंकू, शंकूवर धारा आणि मागे ड्रिल मशीनमध्ये धरायला दांडी. साध्या बिटाने भोक पाडलं, की त्या भोकाचं तोंड मी उतरतं करतो. मग स्क्रूचं डोकं आत बसतं, वर टोचत नाही, बाळाचं दुपटं त्यात अडकत नाही. काम एवढंच. पण एकदा मी ते असं काही करून बसलो, की अजूनही कुठे पाळणा डुलताना ऐकला की लाकूड कुरकुरतंय का, ते मी कान देऊन ऐकतो.

हल्ली मी ओयदिनच्या झग्याच्या खिशात राहतो. सोबतीला जर्दाळूच्या चार बिया आणि सुईदोरा. मला कामाला कुणी लावत नाही आणि फेकूनही देत नाही. शिक्षा म्हणाल तर हीच.

मर्गिलान या आमच्या गावच्या बाजारात एका सतरंजीवर मी पडून होतो, आजूबाजूला माझी भावंडं. पाळणे बनवणारा कारागीर, हमदम उस्ता, बायकोला, म्हणजे ओयदिनला, घेऊन तिथे आला. त्याचे वडील लाकडी खुंट्या ठोकून पाळणे जोडायचे. पण आता लोकांना पाळणा सुटा करून गाडीत टाकायचा असतो, म्हणून हमदम स्क्रू वापरू लागला होता.

"हा बघा उस्ता, पुष्कळ धारांचा, लोखंडासाठी," दुकानदार म्हणाला. "आणि हा आरपार तिरकं भोक असलेला. लाकडात लोण्यासारखा जातो."

"दोन्हीकडे चालेल असा नाही का?"

दुकानदाराने मला उचललं. "हा घ्या. लाकूड म्हणा, लोखंड म्हणा, सासूचं मन म्हणा, सगळीकडे शिरतो!"

"अहो, दोन घ्या ना," ओयदिन म्हणाली. "दुधाचं पातेलं आणि पुलावाची कढई आपण एकच ठेवतो का?"

"नीट वापरला तर एक पुरतो गं."

हमदम चुकीचं बोलला नव्हता. नीट वापरला तर मी पुरतोच. पण 'दोन्हीकडे चालतो' हे ऐकून मी जो फुगलो, तो फुगलोच. त्या फुशारकीची मला आज लाज वाटते.

सुरुवातीला हमदमने मला खरंच नीट वापरलं. आमचे पाळणे टांगलेले नसतात, जमिनीवर वाकड्या पायांवर डुलतात, आणि त्या पायांखाली लाकूड झिजू नये म्हणून लोखंडी पट्टी लागते. पट्टीवर काम करताना तो मशीन हळू चालवायचा आणि ओयदिनच्या स्वयंपाकातलं सरकीचं तेल माझ्यावर थेंबभर सोडायचा. लोखंडाचे बारीक कुरळे छिलके निघायचे. मग मला पुसून तो तुतीच्या लाकडाकडे वळायचा. तिथे मशीन जोरात, हात मात्र हलका. जरासं कोरलं की थांबायचा, स्क्रू ठेवून बघायचा, डोकं लाकडाच्या बरोबरीला आलं की पुरे. खोल गेलं तर डोक्याखाली धरून ठेवायला लाकूडच उरत नाही.

आणि शेवटी खरबूज. आमच्याकडे रिकामा पाळणा कुणी हलवत नाही. हलवला तर त्यात निजणाऱ्या बाळावर संकट येतं म्हणतात. मग पाळणा मजबूत आहे की नाही, हे बनवणाऱ्याला कळायचं कसं? हमदमच्या वडिलांनी त्यावर तोड काढली होती. तान्ह्या बाळाच्या वजनाचं लांबट खरबूज पाळण्यात बांधायचं आणि दामटून हलवायचं. त्यासाठी हिवाळ्यातही एक खरबूज बोरूच्या जाळीत छताला टांगलेलं असायचं. ओयदिन म्हणायची, "आमच्या घरात पोरांपेक्षा खरबुजांचेच लाड जास्त."

झुमराद आपाचा पाळणा मात्र घाईत झाला. तिच्या मुलीला, शोइराला, लग्नानंतर कित्येक वर्षांनी मुलगी झाली होती. पहिला पाळणा आजोळहून जातो, तसा तो झुमरादने सांगितला होता आणि सोहळा दुसऱ्या दिवशी होता. सकाळपासून वीज गेली होती. ती आली तेव्हा दुपार कलत होती आणि झुमराद आपा घरून निघाल्याचा निरोपही आला होता.

हमदमने मला मशीनमध्ये आवळलं आणि सरळ पट्टीवर टेकवलं. तेल नाही, वेग पूर्ण. मी किंचाळलो. तो आवाज त्याने ऐकला, पण थांबला नाही. माझ्या धारा तापून निळ्या पडल्या आणि मी बोथट झालो. तसंच त्याने मला पाळण्याच्या पायावर नेलं. मला लाकूड कापवेना, मी नुसता घासत राहिलो. धूर निघाला. हमदमने अंगाचा भार टाकून दाबलं. मी चरचरत आत गेलो, जायचं त्याहून फार खोल, आणि लाकडात केसासारखी एक चीर पडली.

ती चीर मी पाडली. हात त्याचा होता, पण पाडली मीच.

त्याने भुसा आणि सरस कालवून ती बुजवली. ओयदिन रंगाची वाटी घेऊन आली. "इथे काय झालं हो?"

"काही नाही, रेघ आहे. खरबूज ठेवून बघू, कळेलच."

ओयदिनने त्या जागेवर डाळिंबाचं फूल रंगवलं. फारच सुंदर रंगवलं, चीर पार झाकली गेली, तेवढंच वाईट झालं.

हमदम खरबूज काढायला उठला आणि झुमराद आपा दारात. ती आली तीच नाक वर करून. "अगं बाई! काय वास सुटलाय खरबुजाचा!"

झालं. पाहुण्याने एखाद्या फळाची तारीफ केली आणि ते तसंच टांगून ठेवलं, असं आमच्या गावात आजवर कुणी केलेलं नाही. हमदमचा हात जाळीवर क्षणभर अडला. मग त्याने खरबूज उतरवलं आणि सुरी मागितली. घरात तेवढं एकच होतं.

"शोइराच्या सासूने मला काय काय ऐकवलंय, माझं मला ठाऊक," फोडी खाता खाता झुमराद सांगत होती. "वांझ झाड आमच्या अंगणात लावलंत, असंसुद्धा म्हणाली. आता उद्या बघा, हा पाळणा पाहून तोंडात बोट घालते की नाही! उस्ता, जरा हलवून दाखवा की." आणि लगेच स्वतःच्या गालावर चापट मारून म्हणाली, "तौबा! रिकामा पाळणा! जीभ झडो माझी."

कोपऱ्यात तांदळाचं पोतं होतं. हमदमने त्याच्याकडे एकदा पाहिलं, मी पाहिलं ते. पण पोतं ठेवायचं तर का ठेवतोय ते सांगावं लागलं असतं. त्याने आणखी एक फोड कापली. ओयदिनने चहा ओतला. पाळणा गाडीत चढला आणि खरबुजाची सालं ताटात उरली.

त्या संध्याकाळी हमदम जेवला नाही. "अहो, रेघच होती ना?" ओयदिनने विचारलं. मशीनमधून मला काढून त्याने माझ्या धारेवरून अंगठा फिरवला आणि मला तिच्या हातात ठेवलं. माझी बोथट धार पाहून तिला सगळं कळलं.

सकाळी तो म्हणाला, "बायकांच्या सोहळ्यात मला आत सोडणार नाहीत. तू जा."

"जाऊन काय सांगू?"

"खरं ते सांग."

"झुमराद आपाची मान खाली जाईल हो. तीही त्या सासूसमोर!"

"आणि पोर पडली तर?"

ओयदिनने झगा चढवला आणि मला खिशात टाकलं. हमदम शोइराच्या सासरच्या फाटकापर्यंत सोबत आला आणि तिथेच भिंतीला टेकून उभा राहिला.

आत खोली बायकांनी गच्च भरली होती. पाळणा मधोमध, वर रेशमी पडदे. बाळाची पणजी, माहपारा बीबी, बाळाला हातात घेऊन बसली होती. ओयदिन तोंड उघडणार तेवढ्यात थट्टा सुरूच झाली. आमच्याकडे बाळाला पाळण्यात घालणारी बाई आधी मुद्दाम उलटं घालते आणि विचारते, बाकीच्या नाही म्हणतात.

बीबीने बाळाचं डोकं पायथ्याशी नेलं. "असं घालू का गं?"

"नाही!" सगळ्या बायका हसत ओरडल्या. ओयदिनही ओरडली, पण तिचा आवाज चिरकला.

बीबीने बाळाला आडवं धरलं. "मग असं?"

"नाही, नाही!"

बीबीने बाळाला सरळ केलं, डोकं उशीकडे, पाय पायथ्याकडे. "असं?"

"हो!" सगळी खोली एका सुरात म्हणाली.

"नाही!" ओयदिन म्हणाली.

हसू थांबलं. बीबीने बाळाला वरच्या वर धरलं. "काय गं पोरी? आता काय चुकलं?"

ओयदिनने सगळं सांगितलं. चीर, भुसा, डाळिंबाचं फूल, खरबूज. सांगताना तिने खिशात मला मुठीत गच्च आवळलं होतं. तिच्या तळव्याला घाम सुटला होता आणि मला तापल्यासारखं वाटत होतं.

"विहीणबाई," शोइराची सासू सावकाश म्हणाली, "हे काय आणलंत आमच्या घरात?"

झुमरादचा चेहरा पांढराफटक पडला. ती ओयदिनवर फणकारली, "काल माझ्यासमोर बसून फोडी खात होतीस, तेव्हा तोंड नव्हतं तुला?"

ओयदिनने पाळण्याच्या पायावरच्या डाळिंबाच्या फुलाकडे बोट दाखवलं.

"खरबूज आणा," बीबी म्हणाली.

बाळ शोइराकडे गेलं. खरबूज दुपट्यात गुंडाळून पाळण्यात ठेवलं, वरून पट्टे बांधले. बीबीने पाळण्याची वरची दांडी धरून हलकेच हलवलं. पाळणा छान डुलला. झुमरादने श्वास सोडला. "बघा! काही होत नाही. उगाच माझ्या लेकीच्या..."

"झोप आलेली आई असं हलवत नाही," बीबी म्हणाली आणि तिने जोर लावला.

काड् असा आवाज झाला. डाळिंबाचं फूल मधोमध फाटलं, स्क्रूचं डोकं लाकडातून सरळ निसटलं आणि पाळणा कलंडला. पट्ट्यातून सुटलेलं खरबूज पाळण्याच्या कडेवर आपटलं आणि फुटलं. दुपटं भिजलं, बिया गालिचाभर पसरल्या.

शोइराने बाळाला छातीशी असं घट्ट धरलं, की ते रडायला लागलं. त्या रडण्याने मला केवढं हायसं वाटलं! आणि तसं वाटल्याचीच पुन्हा लाज वाटली.

पाळणा घराबाहेर रिकामा जाऊ नये म्हणून बीबीने त्यात एक रोटी ठेवली. फाटकाशी हमदमने तो डोक्यावर घेतला. घरी आल्यावर त्याने नवा पाय घडवला आणि वडिलांसारख्या लाकडी खुंट्या ठोकल्या. मग खरबूज बांधून तो असा हलवत बसला, की शेजारी विचारायला आले. पाळणा शोइराकडे परत गेला. बाजारातून त्याने दोन नवे बिट आणले, लोखंडाचा वेगळा, लाकडाचा वेगळा. मला धार लावून घ्यायचा विषय निघाला तेव्हा ओयदिन म्हणाली, "हा माझ्याकडे राहू दे."

झुमराद आपा त्यानंतर आमच्या गल्लीतून जाताना मान वळवून जायची. विहिणीने तिला काय ऐकवलं असेल, त्याचा विचार मला करवत नाही. तुम्हाला एकच सांगतो. लोखंडावर मला लावाल तेव्हा हळू लावा, थेंबभर तेल द्या. मी बोथट झालो तर लाकडावर दाबू नका, बाजूला ठेवा. आणि माझी किंकाळी ऐकू आली तर थांबा हो. मला दुसऱ्या कुठल्या भाषेत सांगता येत नाही.

वसंतात एकदा झुमराद आपा नातीला, मूनिसाला, घेऊन दारात उभी राहिली. पाळण्याचा पडदा फाटला होता, तसा दुसरा हवा होता. ओयदिनने रोटी मांडली, चहा ओतला. आपाने कशालाच हात लावला नाही. पडद्याचं कापड पिशवीतून काढायला दोन्ही हात हवे होते, म्हणून ती तुटकपणे म्हणाली, "हिला जरा धर."

ओयदिनने मूनिसाला मांडीवर घेतलं. पोरीने इकडे तिकडे पाहिलं आणि सरळ ओयदिनच्या खिशात हात घातला. जर्दाळूच्या बिया सोडून तिने मलाच पकडलं आणि मूठ मिटली.

"अगं, बिट!" ओयदिन ओरडली. दोघींनी मिळून ती मूठ उघडली. ओरखडासुद्धा नव्हता. माझ्या ज्या बोथटपणाने ती पडली असती, त्याच्यामुळेच तिला आज काही लागलं नव्हतं. बोथट असल्याचं मला पहिल्यांदा बरं वाटलं.

आपाने मला उचलून निरखलं. "हाच का तो?"

ओयदिनने मान डोलावली.

आपाने माझ्या धारेवरून अंगठा फिरवला. मग मला परत मूनिसाच्या मुठीत ठेवलं, खाली बसली आणि गार होत चाललेला चहा आपल्याकडे ओढला.