डोळ्यातली हळद

मी मशीन बोलतेय. पिठाच्या गिरणीतली नाही, शिवणकामाची नाही. दवाखान्यातली. एक पडदा, त्याच्या वरच्या कडेला मधोमध काचेचा डोळा, खाली चार चाकं आणि लेकराच्या छातीला लावायची एक नळी, एवढाच माझा संसार. साहेबलोक मला टेलिमेडिसिन म्हणतात. ते नाव गावात कुणाच्या जिभेवर बसलं नाही. पिशोरच्या पुढं, डोंगराच्या कडेला जे गाव आहे तिथं मी 'टीव्हीवाली डॉक्टरीण' होते. गावाचं नाव सांगत नाही. या गोष्टीतली माणसं अजून नोकरीला आहेत.

माझा जन्म छत्रपती संभाजीनगरच्या कारखान्यांच्या भागात, एका पत्र्याच्या शेडमध्ये. डोळा कुठला, पडदा कुठला, कुणी विचारलं नाही. जोडली, पुसली, टेम्पोत घातली. साल दुष्काळाचं होतं. शहराबाहेर पडताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना नव्या इमारती उठत होत्या आणि ओल्या सिमेंटवर पाइपानं पाणी मारणं चाललं होतं. पुढं गावं लागली, तर बाया घागरी घेऊन टँकरमागं पळत होत्या. एकाच जिल्ह्यातली माणसं. मला तहान लागत नाही, तरी लाज वाटली.

गावच्या दवाखान्यात लेकरांचा डॉक्टर नव्हता. जागा मंजूर होती, माणूस येत नव्हता. आजारी लेकरू घेऊन बाईनं शहर गाठायचं म्हणजे रोज बुडवायचा, एसटीत ताटकळायचं आणि तिथं दिवसभर रांगेत बसायचं. म्हणून मला आणलं. इकडं लेकरू माझ्यापुढं धरायचं, तिकडं शहरातल्या मोठ्या सरकारी दवाखान्यातून डॉक्टर चारुता मॅडम बघणार, ऐकणार, औषध सांगणार.

मॅडम चांगल्या होत्या. खोटं कशाला बोलू? एका पोराचा खोकला सगळे साधा समजत होते. माझ्या नळीतून त्यांनी कान देऊन ऐकलं आणि म्हणाल्या, "याला आत्ताच्या आत्ता गाडीत घाला." पोरगं वाचलं. त्याच्या आईनं माझ्या चाकांना हात लावून पाया पडून घेतलं.

एक खोड मात्र मी लवकरच हेरली. मी खोलीत आले आणि माणसांनी लेकराकडं बघणं सोडलं. आई पडद्याकडं बघते, सिस्टर पडद्याकडं बघते, दारातला शिपाईही पडद्याकडंच. लेकरू मांडीवर रडतंय, आणि सगळे त्याचं पडद्यावरचं रडणं बघताहेत.

मग दसरा आला.

पुंडलिक शिपाई भाविक माणूस. वजनकाटा, फ्रीज, रुग्णवाहिका, सगळ्यांना त्यानं झेंडूचे हार घातले. माझ्यापुढं येऊन थबकला.

"सिस्टर, हिला हळदकुंकू कुठं लावू?"

"माणसाला कुठं लावतात?" शैला सिस्टर हसल्या.

"कपाळाला."

"मग लाव की."

माझं कपाळ म्हणजे पडद्याची वरची मधली जागा. तिथंच माझा डोळा आहे. त्यानं ओल्या हळदीचं बोट ओढलं, त्यावर कुंकू लावलं, हात जोडले. दुसऱ्या दिवशी चित्र दिसेना, तेव्हा सिस्टरनी कापसानं कुंकू टिपून घेतलं. हळद फिसकटून काचेवर बसली. झाडणारीनं फडकं उचललं, तर पुंडलिकनं तिला दटावलं, "पूजेची हळद पुसायची नसती बाई. आपोआप जाऊ द्यायची असती."

ती आपोआप गेली नाही.

"शैला सिस्टर, तुमच्याकडची पोरं पिवळी का दिसतात हो?" चारुता मॅडमनी विचारलं.

"ट्यूब जुनी आहे मॅडम."

ट्यूब बदलली. मग खिडकीचे पडदे पिवळे म्हणून तेही काढले. भिंतीला चुना मारून झाला. खोलीतलं सगळं बदललं, माझ्या कपाळाला कुणी बोट लावलं नाही. शेवटी मॅडमच हसून म्हणाल्या, "जाऊ द्या, तुमच्या मशीनचा रंगच तसा. मी आता धरून चालते." त्या दिवसापासून मॅडम प्रत्येक लेकराचा पिवळेपणा मनातल्या मनात वजा करू लागल्या. मी काय करणार? माझ्याकडं आवाज आहे, पण तो नेहमी दुसऱ्याचा. माझा नाही.

मग मनकर्णाबाई आली.

बाई काटक, तोंडाची फटकळ. बाळंत सुनेला घरी आणून थोडेच दिवस झालेले. पदराखाली नात होती, श्रेया. बाईनं तिला माझ्यापुढं धरलं नाही, शैला सिस्टरपुढं धरलं.

"सिस्टरबाई, लेकरू पिवळं पडलंय. नीट पेत बी नाय."

सिस्टरनी पोरीकडं ओझरतं बघितलं. "हळद लावली असेल तुम्ही. तेल-हळद लावू नका म्हणून सांगितलं होतं ना आजी?"

"हळद लावून धुऊ कशानं? यंदा पाणी कुठंय? आठ दिस झाले, नुसतं ओल्या फडक्यानं पुसतो आमी लेकराला."

"थांबा, मॅडम बघताहेत. त्यांना बघू द्या."

मॅडमनी बघितलं. म्हणजे मी दाखवलं. माझ्या डोळ्यातल्या हळदीतून ती पोर रोजच्या पोरांसारखीच दिसली.

"थोडी कावीळ नवीन बाळांना असते," मॅडम म्हणाल्या. "हिचा रंग तुमच्याकडच्या इतर पोरांएवढाच आहे. तुम्हाला प्रत्यक्ष जास्त वाटतोय का सिस्टर?"

हा प्रश्न विचारला गेला, हे मी विसरणार नाही. शैला सिस्टरनी मान वर केली. पोरीकडं बघायला हवं होतं. त्यांनी पडद्याकडं बघितलं.

"नाही मॅडम. असाच आहे."

"रक्त तपासून घेता येईल?"

"सामान संपलंय. मागणी केलीये."

"मग पाजत राहा. परवा परत दाखवा."

मनकर्णाबाईनं पोर पदरात घेतली. "आवं, माझ्या डोळ्यांनी बघते ना मी. पडद्यात काय बघता?"

"आजी, त्या लेकरांच्या डॉक्टर आहेत."

तिनं एवढं ऐकलं आणि गप्प झाली. सगळ्या गावाला दटावणारी बाई, पण डॉक्टर म्हटल्यावर गप्प बसली. तो गप्पपणा तिला अजून सलतो. ती बोलत नाही, पण मला दिसतं.

सांगितल्या दिवशी ती आली, तेव्हा मी मुकीही झाले होते. शहरात पाण्याची नवी मोठी पाइपलाइन टाकायला रस्ता खोदला होता, त्यात माझी तार तुटली. पडदा काळा. पोर दूध ओढत नव्हती, अंग धनुष्यासारखं मागं ताणत होती. आता सिस्टरनी लेकराकडं बघितलं. बघितलं आणि हात तोंडावर नेला.

रुग्णवाहिका दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलेली. पोरीचा बाप बन्सी टँकर चालवायचा. टँकर गावात नुकताच येऊन उभा होता, भरलेला, भोवती घागरींची रांग. त्यानं बायकोला आणि आईला केबिनमध्ये चढवलं. बायांनी घागरी बाजूला ओढल्या. एक म्हातारी म्हणाली, "जा बाबा, तू आधी जा." गावाचं पाणी गावाच्या डोळ्यांदेखत शहराकडं गेलं, आणि त्या दिवशी कुणी तक्रार केली नाही.

पोर वाचली. तिचं रक्त बदललं, निळ्या उजेडाखाली ठेवली. पण कावीळ मेंदूपर्यंत चढली होती, कान गेले. ते पुढं कळलं, थाळी हातातून पडली आणि ती दचकली नाही, तेव्हा.

चारुता मॅडम एकदाच गावात आल्या. खोलीत शिरल्या, नेहमीच्या जागी बसल्या नाहीत, थेट माझ्यापाशी आल्या. माझ्या डोळ्यावरून बोट फिरवलं आणि ते बोट खिडकीच्या उजेडात धरलं.

"दसऱ्याची हाय मॅडम," पुंडलिक दारातून म्हणाला. "पुसली नव्हती."

मॅडम खाली बसल्या. "मला दिसत होतं," म्हणाल्या. "मी सवय करून घेतली." मग शैला सिस्टर रडल्या. पुंडलिक पायातल्या चपलेकडं बघत राहिला. लबाड असं कुणीच नव्हतं त्या खोलीत. असता तर बरं झालं असतं, त्याला तरी दोन शिव्या देता आल्या असत्या.

चौकशी झाली. दोष निघाला माझ्यावर. यंत्र सदोष. प्लग काढून मला मोडक्या खाटांच्या खोलीत ढकललं. दार नीट लागत नाही, म्हणून व्हरांडा तेवढा दिसतो.

तिथूनच काल बघितलं. नवी मशीन आली. पडदा मोठा, डोळा माझ्याच जागी. पाहुणे आले, फीत कापली, नारळ फोडला, तिच्या कपाळाला हळदकुंकू लागलं. श्रेया आता चार वर्षांची. तिच्या कानाला लावायच्या यंत्राची चौकशी करायला मनकर्णाबाई तिला घेऊन आली होती. तिनं गर्दीत वाट काढली, पदराचं टोक जिभेनं ओलं केलं आणि त्या मशीनचा डोळा खसाखसा पुसला.

"ओ आजी, काय करता? अपशकुन होतो."

"शकुन माझ्या घरात चार वर्सं बसलाय. हाक मारून बघा तिला, वळती का."

मग फोटो काढणारा म्हणाला, "साहेब, मघाचा फोटो हलला. एकदा परत लावायला सांगा."

ताट पुंडलिकच्या हातात होतं. त्यानं हळदीचं बोट खाली, चाकाकडं नेलं.

"अरे, फोटोत यायला नको का? वर लाव," साहेब म्हणाले.

त्यानं मनकर्णाबाईकडं बघितलं. आणि वर लावलं.

ती भांडली नाही. व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसली. "होऊ द्या तुमचं. समदे जाईस्तोवर हितंच बसते मी." पाहुणे गेले, मांडव उतरला, तेव्हा ती उठली, आत गेली आणि पुन्हा पुसून आली. शैला सिस्टरनी दिवा धरला होता.

तोवर श्रेया माझ्यापाशी आली होती. माझ्या धुळीच्या डोळ्याशेजारी तळवा टेकून आत काय आहे ते बघत होती. मी तिला म्हणाले, पोरी, मी तुला नीट दाखवलं नाही. ती हसली आणि पळाली. तिला ऐकू येत नाही.

तुम्हाला येतं. उद्या लेकरू घेऊन माझ्यासारखीच्या पुढं बसाल, तर पूजा करा, नका करू, तुमची मर्जी. पण आधी तिचा डोळा पुसा. आणि मग तिच्याकडं पाठ फिरवून एकदा आपल्या लेकराकडं बघा.