आबाजींची पाळी

कस्तुराबाई आज पिंकीला न्यायचंच असं ठरवून आली होती. लेक तिशीला टेकलेली, पण समज लहान पोरीची. महाळुंग्याला कंपन्यांच्या भिंतींमध्ये उरलेल्या या शेतावर पिंकीसारखी आणि धडधाकट माणसं एकाच घरात राहत, मिळून शेती करत. दिवाळी दिसेल असं धरून चालू नका, हे डॉक्टरांनी तिच्या दुखण्याबद्दल सांगितलेलं कस्तुरानं कुणालाच कळू दिलं नव्हतं, सख्ख्या भावालाही नाही. पोरीची सोय लागली, आता मरायला मोकळी, असं ती मनाशी म्हणायची. पण पिंकीसोबत शेतावर राबणारे म्हातारे आबाजी वारले, तरी पिंकी त्यांच्याशी बोलते हे कळलं आणि तिचं मन फिरलं. मेलेल्या माणसाच्या संगतीत पोर ठेवायची? त्यापेक्षा रावेतला मामाच्या फ्लॅटमध्ये मामीची बोलणी खाईल, पण जित्या माणसांत तरी राहील.

पिंकी पिंपापाशी होती. हिवाळाभर गाईच्या शिंगात भरून पुरलेलं शेण तिथं पाण्यात ढवळायचं आणि संध्याकाळी खत म्हणून शेतात शिंपडायचं. ढवळायला दोघं लागत. एकानं भोवरा पाडायचा, दुसऱ्यानं काठी घेऊन तो उलटा फिरवायचा. पाणी काही थांबू द्यायचं नाही. पिंकीचे जोडीदार आबाजी. त्यांच्यामागं तिनं दुसऱ्या कुणाला त्यांच्या स्टुलावर बसूच दिलं नव्हतं.

घरी चल म्हटल्यावर पिंकीनं ओठांवर बोट ठेवलं. मग समोरच्या रिकाम्या स्टुलाकडं काठी कलती करून सोडून दिली.

काठी पडली नाही. पाणी जरा खळबळलं आणि उलटं फिरायला लागलं. कस्तुराच्या अंगावर सरसरून काटा आला.

थोड्या वेळानं काठी आपसूक पिंकीकडं झुकली, तिनं ती सवयीनं धरली.

"आबाजी दमल्यात," ती म्हणाली. "मी इचारलं, आता तुमच्या जागी कोन? तर म्हनले, तुजी आई येतीया. दिवाळीला."

कस्तुरा तिथंच खाली बसली. रडून घेतलं. भीती काही गेली नव्हती, पण आपल्यामागं पोर एकटी पडणार नाही, या विचारानं मन हलकं झालं. तिनं भावाला फोन लावला, पिंकी इथंच राहील म्हणून सांगितलं आणि पदर खोचला.

"शिकीव मला," ती लेकीला म्हणाली. "ऐन टायमाला गडबड नको."