मास्क फक्त वॉर्डात

छातीच्या वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टरना सगळे पाठीमागे ‘कर्फ्यू’ म्हणत. त्या दारात दिसल्या की गप्पा जागच्या जागी बंद. मास्क घसरलेला दिसला तर त्या मोठ्या डॉक्टरांनाही सोडत नसत. “डॉक्टर, नाक आत घ्या,” म्हणून मोकळ्या व्हायच्या.

पण हीच शिस्तीची मंडळी चहाच्या खोलीत शिरली की त्यांना काय व्हायचं कोण जाणे! बोळाच्या टोकाला कपाटाएवढी खोली, एकच खिडकी, तीही गंजून बसलेली. तिथे गुडघ्याला गुडघा लावून बसायचं, मास्क हनुवटीखाली ओढायचे आणि पोटभर हसायचं. साथ काय ती पेशंटकडून येते, आपल्याच माणसांची कसली भीती, असं सगळे धरून चालले होते. पहिल्या लाटेत याच खोलीतून निम्मा वॉर्ड आडवा झाला, तेव्हाही बोट पेशंटकडेच दाखवलं गेलं. सिस्टरही तसंच मानायच्या, इतरांचं काय घेऊन बसलात!

तेव्हापासून त्या हॉस्पिटलच्याच खोलीवर राहत होत्या. घरी आई एकटी. तिची फुप्फुसं आधीच अधू, आणखी एक आजारपण तिला झेपलं नसतं. सिस्टर सामान दाराशी ठेवायच्या आणि पायऱ्यांखाली उभ्या राहून बोलायच्या. लसीचं नाव काढलं की आई उडवून लावायची. “मी उंबरठासुद्धा ओलांडत नाही. मला काय करायचीय सुई? तू घे.”

सिस्टरनी दोन्ही डोस घेतले, वॉर्डातल्या सगळ्यांना धरून धरून घ्यायला लावले. आणखी काही आठवडे दम धरला आणि एका रविवारी त्या घरात शिरल्या. आईची मिठी काही केल्या सुटेना. दोघी एका ताटात जेवल्या, एका पांघरुणात झोपल्या.

सकाळी वॉर्डातल्या तरुण डॉक्टरचा फोन आला. “सिस्टर, आपले मामा पॉझिटिव्ह आलेत.”

मामा म्हणजे वॉर्डातले जुने शिपाई. शनिवारी चहाला ते सिस्टरच्या शेजारीच बसले होते, शिंकत. “हवा बदललीय, ताई, दुसरं काही नाही,” म्हणाले होते. आणि वॉर्डभर नाकं तपासत फिरणाऱ्या या बाईने ते ऐकून घेतलं होतं!

सिस्टर ताडकन उठल्या. मास्क चढवून त्या बाहेरच्या खोलीत गेल्या, खिडक्या सताड उघडल्या आणि आईला आतून दार लावायला सांगितलं.

“अगं, पण झालंय काय?”

“मला लागण झाली असेल, आई. झाली असेल तर मी ती तुझ्या अंथरुणात आणून ठेवलीय.”

आतून कडी सरकली. मग दारामागून आवाज आला, “रडतेस का?”

“नाही.”

“खोटं बोलू नकोस. नाक ओढतेस ते ऐकू येतंय.”

लगेच तपासून उपयोग नव्हता, काही दिवस थांबणं भाग होतं. ते दिवस कसे गेले ते सिस्टरनाच ठाऊक. आई आत खोकली की या दाराला कान लावून बसायच्या. ऑक्सिजन मोजायचं यंत्र बोटाला लावून आई आतून आकडा ओरडून सांगायची, आणि सिस्टर तो पुन्हा सांगायला लावायच्या.

शेवटी डॉक्टरचा फोन आला. “तुम्ही निगेटिव्ह! चहाच्या खोलीतल्या नव्या नर्सला तेवढी लागण झालीय. घसा दुखतोय आणि कंटाळा आलाय म्हणते. बाकी सगळे ठणठणीत. वॉर्ड चालू आहे.”

“आणि मामा?”

“मामा म्हणतात, मागच्या वेळी उठवत नव्हतं, या वेळी झोपवत नाही.”

सिस्टरना हसू फुटलं. तीच खोली, तोच चहा, तीच माणसं. मागच्या वेळी निम्मा वॉर्ड आडवा झाला होता. सगळी नशिबाची कृपा म्हणायला त्यांचं मन तयार होईना. फोन ठेवण्याआधी त्यांनी फर्मान सोडलं, “आजपासून चहा अंगणात. एकेकाने. लस घेतली म्हणून चेकाळू नका.”

आईचीही तपासणी झाली, तीही निगेटिव्ह आली. दार उघडून ती बाहेर आली.

“चुकलंच माझं,” ती म्हणाली. “मी उंबरठा ओलांडत नाही, पण तू ओलांडतेस ना! घेऊन चल मला. पण टोचायचं तूच, दुसऱ्या कुणाला मी हात लावू देणार नाही.”

लसीकरणाच्या खोलीत आईने बाही वर केली. आईचा दंड एवढा बारीक झालाय, हे पायऱ्यांखालून कधी दिसलंच नव्हतं. असंख्य दंडांवर सराईतपणे चाललेला सिस्टरचा हात सुई धरून तसाच थांबला.

“टोच गं लवकर,” आई म्हणाली. “परत तुला बाहेरच्या खोलीत झोपवायचं नाहीये मला.”