एक कोयता, चार क्रेडिट

माझी वाचा कधी बसत न्हाई. गावात कुनालाबी इचारा, बायडाबाईचं तोंड पहाटं सुरू हुतं ते रातीला डोळा लागल्यावरच बंद पडतं. पन त्या दिवशी तालुक्याच्या कालिजात माझी वाचा बसली. खरंच सांगते, जीभ टाळ्याला चिकटली आन् मी खुर्चीत नुसती बघत राह्यले.

तर सुकन्या माझी सून आन् अंगद माझा ल्योक. दोघं एकाच कालिजात, एकाच वर्गात, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. लग्न ठरतानाच पोरीच्या बापानं अट घातली हुती की शिक्षान थांबवायचं न्हाई. मी म्हनलं, न्हाई थांबवत, शिकू दे. मला काय म्हाईत पोरगी इतकी शिकंल म्हनून! अंगद आपला पुस्तक उशाला घेऊन झोपनारा, आन् ही चुलीपुढं बसून वाचनारी.

पन दिवाळी झाली की आमी ऊस तोडायला जातो. जामखेडच्या ह्या कोरड्या रानात हिवाळ्यात काय खायचं? ती दोघं फडात जात्यात, मी फडाजवळच्या पाचटाच्या कोपीत नातवाला संबाळते आन् भाकरी थापते. उन्हाळ्यात परत येस्तोवर कालिजची हजेरी गेलेली आसती. दर साली तीच रड.

मंग औंदा ज्ञानेश्वरी मॅडम म्हनून एक नव्या आल्या. लई गुनाची बाई. त्यांनी सुकन्याला बोलावून सांगितलं की विद्यापीठाच्या विषयांच्या कॅटलॉगात नवा विषय आलाय, हंगामी श्रमानुभव. ऊस तोडायला जानाऱ्या पोरांसाठीच. हंगाम पुरा केला की चार क्रेडिट. क्रेडिट म्हंजे शिकल्याचं माप, तेवढी मापं भरली की डिग्री हातात. टोळी नेनाऱ्या मुकादमाचं पत्र लागायचं, बाकी काय न्हाई. मी तर त्या मॅडमवरनं मीठ-मोहऱ्याच उतरून टाकनार हुते.

हंगाम सरला, मुकादमानं पत्र कालिजात धाडलं. निकाल लागला तवा सुकन्याचा नगरला बी.एड.ला नंबर लागलेला. फकस्त डिग्री दाखवायची, ती बी म्हैनाभरात. पोरगी मास्तरीन हुनार, नातू शाळंजवळ राहनार, आन् कोयता कायमचा सुटनार. मी नवं लुगडं नेसून तिच्यासंगं कालिजात गेले. अंगद बी आला.

मॅडमनी कंप्युटरवर बघितलं आन् त्यांचा चेहरा उतरला. "सुकन्या, सगळ्या विषयांत पास आहेस. पण चार क्रेडिट कमी आहेत. श्रमानुभवाचे आलेच नाहीत."

"आले न्हाईत म्हंजे?" मी म्हनलं. "फडात ती न्हाई तर काय मी गेल्ते?"

"अंगदच्या नावावर चार आलेत," मॅडम म्हनल्या. "मुकादमाच्या पत्रात एकच नाव आहे. अंगद, एक कोयता, पूर्ण हंगाम."

आता हा अंगद इंग्रजीत दांडी उडालेला, आनखी एका विषयात बी. त्याला ती चार क्रेडिट घेऊन काय चाटायचीत? तरी गडी दात काढून म्हनतो कसा, "आगायायो, मला चार भेटले?" मी आसं बघितलं त्याच्याकडं, की दात आपोआप आत गेले.

"आवो मॅडम," मी म्हनलं, "एक कोयता म्हंजे दोघं. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटं मानूस आसलं तर त्याला अर्धा कोयता म्हनत्यात. हे शेंबडं पोर बी सांगंल आमच्याकडं!"

मॅडम माझ्याकडं बघतच राह्यल्या. "कोयता म्हणजे एक मजूर ना?"

"कोन म्हनलं?"

त्यांनी कॅटलॉग उघडून वाचून दाखवलं. एका हंगामास, एका कोयत्यास, चार क्रेडिट. "मावशी, नियम तुमच्याच भाषेत असावा म्हणून आम्ही मुद्दाम हा शब्द घातला हो," त्या म्हनल्या. त्यांचा आवाजच बारीक झाला. चांगलं करायला गेलेली बाई, तिला काय बोलायचं?

मी तिथनंच वैजनाथ मुकादमाला फोन लावला. म्हनलं, "का रं मुडद्या, माझ्या सुनंचं नाव का न्हाई लिव्हलं?"

"मावशे, बाईचं नाव कोन लिव्हतं?" तो म्हनला. "धन्याचं लिव्हलं की बाई त्यात आलीच की. तुझं तरी कुठं लिव्हलं हुतं कवा? तुझं मालक गेल्यावर पैल्यांदा लिव्हलं, अर्धा कोयता म्हनून."

तिथं माझी वाचा बसली. त्याचं खरं हुतं. मालक गेले तवा मुकादम म्हनला, बायडाबाई, आता तू अर्धा कोयता. मला वाटलं मालक गेले म्हनून मी अर्धी झाले, आन् मी ते गप गिळलं. पन ते हुते तवा तर मी अर्धी बी नव्हते! पोटुशी आसताना मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरनं गाडीत चढले, ती कोन हुती मंग? इतकी वर्सं मी कुठंच नव्हते आन् मला कुनी सांगितलं न्हाई. माझ्या हातातला फोन सुकन्यानं काढून घेतला, तवा मला कळलं की वैजनाथ अजून बोलतोय.

ती त्याला म्हनली, "दादा, मंग माझ्या नावानं येक वायला कोयता लिवून द्या."

तो म्हनला, "न्हाई जमायचं. दोन कोयते लिव्हले तर कारखान्यात चार मानसं दाखवावी लागत्याल, कुठनं आनू?"

तिनं फोन ठिवला. रडली न्हाई, काय न्हाई. उलट अंगदच उठला. माझा ल्योक म्हनून सांगत न्हाई, पन त्यानं तिथंच मॅडमकडनं कागद मागून घेतला आन् लिव्हलं, की मी नुसता तोडीत हुतो, मोळ्या बांधायची आन् वाहायची हीच, माझ्या एकट्यानं कोयता हुत न्हाई. मॅडमनी तो अर्ज विद्यापीठात स्वता नेऊन दिला. मला बरं वाटलं. म्हनलं, चला, पोराला अक्कल आली आन् सुनंला डिग्री.

बी.एड.ची तारीख तोंडावर आली तवा मॅडमचा निरोप आला, या. आमी पळतच गेलो.

"विद्यापीठानं चूक मान्य केली मावशी," मॅडम म्हनल्या. "कॅटलॉगसुद्धा दुरुस्त केला. आता कोयता म्हणजे दोन माणसं, असंच छापलंय."

"मंग पोरगी पास?"

मॅडम खाली बघाय लागल्या. "कोयत्याचे चार क्रेडिट दोघांत वाटले. अंगदला दोन, सुकन्याला दोन. तिला अजून दोन कमी पडतात."

आगं माझे बया! मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. म्हनलं, परत सांगा. त्यांनी परत तेच सांगितलं.

"आवो, मंग अंगदचे दोन तिला द्या! त्याला काय करायचेत?"

"एकाचे क्रेडिट दुसऱ्याला देता येत नाहीत."

"आसं कसं? तोडताना एकत्र, लिव्हताना एकत्र, आन् द्यायच्या वक्ताला वायलं?" माझा आवाज पार व्हरांड्यात गेला. दोन मास्तर दारात येऊन उभे राह्यले. "तुमची लाज गेली कुठं?"

अंगद मला धरून खाली बसवत हुता. सुकन्यानं हळूच इचारलं, "मॅडम, दोन क्रेडिटचा दुसरा विषय घिऊ का? राती जागून करते."

"हे क्रेडिट त्याच गटातले लागतात, आणि त्या गटात दुसरा विषय कॅटलॉगमध्ये नाही गं," मॅडम म्हनल्या आन् त्यांच्या डोळ्यांतनं पानी आलं. "हाच आहे. पुढच्या हंगामात अजून एकदा गेलीस, की दोन मिळतील."

कोयता सुटावा म्हनून पोरगी शिकली, आन् आता शिकून संपवायचं तर परत कोयताच धरायचा. आसला नियम करनाऱ्याला मी एकदा तरी बघनार हाय. बी.एड.ची जागा दुसऱ्या पोरीला गेली. जाऊ दे, तिचंबी भलं हू दे.

दिवाळी झाली. वैजनाथचा ट्रक येशीपशी उभा राह्यला. औंदा नातवाचे पाय दुखाय लागले, म्हनून मी त्याला घिऊन मागं थांबले. सुकन्यानं भांड्यांचं गाठोडं वर टाकलं, कोयता पदरात गुंडाळला आन् चाकावर पाय दिऊन वर चढली. इतक्या वर्सांत मी किती ट्रक बघितले, कितींदा सोता चढले, कधी डोळ्याला पदर लावला न्हाई. पन तिला वर चढताना बघितलं आन् मी भर येशीत हंबरडा फोडला. बाया गोळा झाल्या. कुनी मेलं का काय, म्हनून इचाराय लागल्या.

ट्रक सुरू झाला तवा सुकन्या फळीवरनं खाली वाकली.

"रडू नका आत्याबाई," ती म्हनली. "कुनी इचारलं तर सांगा, सून कालिजात गेलीय."